वहीत न लिहिलेल्या दोन पट्ट्या

आमचे हे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतात. नवे करत नाहीत. नवा कॉम्प्युटर काखोटीला मारून कुणी दारात आलं, तर माणसांच्या डॉक्टरकडे कुणी बैल घेऊन आल्यासारखं हे त्याच्याकडे बघतात. "हा माझ्या कामाचा नाही," एवढंच म्हणतात आणि आत निघून जातात. मग त्या माणसाला चहा विचारायचा, वाईट वाटून घेऊ नका म्हणायचं, हे सगळं माझ्या वाट्याला.

जुने म्हणजे किती जुने? ज्यांचे कारखाने बंद पडले, ज्यांचा स्क्रू हरवला तर दुसरा मिळत नाही, असे. तुम्ही म्हणाल, असली अडगळ कोण वापरतं? मीही लग्नानंतर हेच विचारलं होतं. तेव्हा कळलं, की एखाद्या छापखान्यात कागद कापायचं मोठं यंत्र असतं, एखाद्या ठिकाणी ट्रक वजन करायचा काटा असतो, आणि ते यंत्र फक्त त्या जुन्या कॉम्प्युटरचंच ऐकतं. नवा जोडला तर ओळखच दाखवत नाही. म्हणून म्हाताऱ्याला जिवंत ठेवायचं. गावात ह्यांना सगळे 'जुनेवाले' म्हणतात. मी 'जुनेवाल्यांची बायको'. शिवणकाम करते, तीस वर्षं झाली, पण ओळख हीच.

ह्यांच्या सवयी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. कुठलाही कॉम्प्युटर उघडण्याआधी हे नळाला हात लावतात. अंगातली वीज उतरते म्हणे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू ड्रायव्हर. आणि एक वही. ही वही म्हणजे माझी सवत. हिच्यात प्रत्येक बिघाड लिहिलेला: तारीख, जागा, काय दिसलं, काय केलं. बावीस वह्या भरल्या आहेत, आणि त्या कपाटात माझ्या साड्यांच्या वरच्या फळीवर राहतात, म्हणजे मान कुणाचा ते बघा.

आणि सगळ्यात मोठी सवय: एका वेळी एकच. एक गोष्ट बदलायची, चालू करून बघायचं, लिहायचं. मग दुसरी. "दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर बिघाड कुणी केला आणि बरा कुणी केला हे कळत नाही," हे त्यांचं ब्रीदवाक्य. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मोरीतला नळ गळायला लागला. ह्यांनी पहिल्या दिवशी वायसर बदलला आणि वाट बघितली. दुसऱ्या दिवशी दोरा गुंडाळला आणि वाट बघितली. चार दिवस मी बादल्या उपसत होते. पाचव्या दिवशी नळ थांबला आणि हे शांतपणे म्हणाले, "आता आपल्याला नक्की माहीत आहे, चूक कुठे होती." मला तर तेव्हाच कळलं होतं, चूक कुठे झाली.

तर झालं असं.

मला चार वर्षांपासून शुगर आहे. म्हणून वर्षातून एकदा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचा. आमच्या भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. फोटो काढायला एक बाई आहेत, रोज असतात. त्या डोळ्यात थेंब घालतात, यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावतात, लखकन उजेड पडतो आणि बाजूच्या कॉम्प्युटरवर डोळ्याचा आतला पडदा दिसतो, केशरी, त्यावर लाल नसा. त्याची छापील प्रत डॉक्टरांच्या टेबलावर जाते. तो कॉम्प्युटर अर्थातच जुना, आणि अर्थातच आमच्या ह्यांच्या हातचा.

त्या शुक्रवारी माझा नंबर सातवा होता. बाकावर माझ्या शेजारी आठव्या नंबरचा माणूस होता, उन्हानं रापलेला, मांडीवर पिवळं हेल्मेट. सारखा तोंडापुढे हात हलवून माशी हाकलत होता. मी मनात म्हटलं, म्हणायला दवाखाना आणि माश्या बघा. सातवा नंबर पुकारल्यावर मी उठले, तर तो म्हणाला, "ताई, रागावणार नसाल तर मी आधी जाऊ का? क्रेन बंद ठेवून आलोय. खाली वीस माणसं हातावर हात ठेवून बसलीत."

"जा बाबा," मी म्हटलं. "मला काय, घरी जाऊन गुंड्याच लावायच्यात."

पुलाच्या कामावर तो क्रेन चालवायचा. कंपनीला दरवर्षी डोळे चांगले असल्याचा कागद लागतो, म्हणून आला होता. त्याचे दोन्ही डोळ्यांचे फोटो झाले, डॉक्टरांकडे गेला आणि पाच मिनिटांत कागद नाचवत बाहेर आला. "सगळं ठीक! उपकार झाले, ताई," असं म्हणून गेलासुद्धा.

मग मी. आधी उजवा डोळा, मग डावा.

डॉक्टर एरवी फोटोकडे एक नजर टाकून "छान, गोड कमी खा" म्हणतात. त्या दिवशी त्यांनी फोटो उचलून खिडकीकडे नेला. मग म्हणाले, "वहिनी, उजव्या डोळ्यात खालच्या भागात रक्त उतरलंय. सोमवारी हा फोटो घेऊन मोठ्या रुग्णालयात जा, चिठ्ठी देतो. लेझर करावं लागेल बहुतेक. टाळू नका."

"दिसायचं बंद होतं का हो यानं?" मी विचारलं.

"वेळेत गेलात तर नाही."

माणूस धीर द्यायला बोलतो आणि आपल्याला त्यातलं 'तर' तेवढं ऐकू येतं. घरापर्यंत कशी आले, आठवत नाही. थेंबांमुळे सगळं धूसर होतं आणि मला वाटत होतं, हे असंच राहणार. मशीनपाशी बसले आणि सुईत दोरा घालायला गेले. नेहमी बोलता बोलता होतं ते, आज पाच वेळा करूनही जमेना. थेंबांचाच परिणाम तो, डोक्याला ठाऊक होतं. पण मी सुई परत डबीत ठेवली. डोळे गेले तर मी कोण? शिवणं सोडून मला दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही आवडतही नाही.

हे घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. ते सरळ मोरीत गेले आणि नळाला हात लावून उभे राहिले. उघडायला कॉम्प्युटर नव्हता समोर. तरी उभे राहिले. हा माणूस घाबरला की बोलत नाही, हे मला माहीत आहे, पण त्या वेळी मला बोलणारा माणूस हवा होता.

दिवेलागणीला थेंबांचा असर उतरला. मशीनच्या दिव्याखाली मी तो फोटो धरला. स्वतःच्या डोळ्याचा फोटो स्वतःच्या डोळ्यानं बघायचा, विचित्रच वाटतं. खाली काळपट लाल डाग होता, पसरलेला. बघवेना. पण बघितल्याशिवाय राहवेना. आणि बघता बघता माझी बोटं आपोआप फोटोच्या एका रेषेवरून फिरायला लागली.

चौकडीचा शर्ट शिवताना खिशाची चौकडी आणि अंगाची चौकडी जुळवून घ्यावी लागते. दोराभर जरी सरकली, तरी मला दारातून आलेल्या माणसाच्या अंगावर दिसते. तसंच दिसलं मला इथे. फोटोच्या खालच्या चतकोर भागावर आडवी एक रेषा, अगदी सरळ. वरून येणाऱ्या नसा त्या रेषेपाशी थांबत होत्या आणि रेषेखालच्या नसा भलतीकडूनच सुरू होत होत्या. एकही जुळत नव्हती.

"अहो, हे बघा. हे दोन तुकडे आहेत."

"अगं, तो फोटो आहे. शर्ट नाही."

"शिवण ती शिवण. बघा तरी!"

ह्यांनी भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिले. मग वही काढली आणि पानं उलटली. दवाखान्याची शेवटची नोंद अठरा दिवसांपूर्वीची: 'पंखा आवाज करतो. धूळ काढली. आवाज बंद.' त्याआधीची पाच महिन्यांपूर्वीची. वही मिटून म्हणाले, "पंख्यानं फोटो बिघडत नाही. मशीनला काही झालेलं नाही."

माझा पारा चढला. "म्हणजे मशीन ठीक आणि डोळा बिघडलेला. तुमच्या वहीत लिहिलं नाही म्हणजे झालंच नाही, असंच ना?"

"तसं नाही."

"मग कसं?"

"मशीनची चूक निघावी असं मला इतकं वाटतंय," हे हळूच म्हणाले, "की माझ्या बघण्यावर माझाच विश्वास नाही. उद्या मशीन ठीक निघालं, तर तुला दुसऱ्यांदा धक्का बसेल. खोटी आशा नको."

त्या रात्री जेवण गेलं नाही. कुणालाच.

शनिवारी सकाळी मी चप्पल शोधेपर्यंत हे पिशवी घेऊन स्कूटरपाशी उभे होते. दवाखान्यात डॉक्टर नव्हते, फोटोवाल्या बाई होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फोटोतली रेषा बघितली आणि म्हणाल्या, "अगंबाई! मला वाटायचं, छापतानाच असं येतं." म्हणजे त्यांनी ती आधीही पाहिली होती. मला त्यांचा रागही आला आणि त्यांना मिठीही मारावीशी वाटली.

आमच्या ह्यांनी कॉम्प्युटर चालू केला. यंत्राच्या भिंगापुढे भिंतीवरचं कॅलेंडर धरलं. म्हणाले, "सरळ रेघांवर चूक लवकर कळते." फोटो धूसर आला, पण आकडे ओळखू येत होते. आणि खालचा चतकोर भाग काळाकुट्ट!

"आहे! बिघाड आहे!" मी ओरडलेच.

"थांब," हे म्हणाले. यंत्रातून कॉम्प्युटरकडे येणारी बाहेरची केबल काढून, पुसून, घट्ट बसवली. वहीत लिहिलं. परत कॅलेंडर, परत फोटो. या वेळी चित्र वरपासून खालपर्यंत पूर्ण. एकही रेघ तुटलेली नाही.

"केबल," हे म्हणाले आणि हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. मी तिथल्या स्टुलावर मटकन बसले आणि डोळे पुसायला लागले. केबल! एवढीशी केबल आणि माझा जीव टांगणीला.

"आता हिचा फोटो काढू या," हे म्हणाले. बाई म्हणाल्या, "थेंब घालून वीस मिनिटं जाऊ द्यावी लागतील. तोवर माझाच काढून बघा." माझ्या डोळ्यात थेंब घालून त्या स्वतः यंत्रापुढे बसल्या. लखकन उजेड पडला आणि पडद्यावर त्यांचा डोळा आला, थेंब न घातल्यामुळे अंधुक.

आणि त्या डोळ्याच्या खालच्या भागात तेवीस, चोवीस, पंचवीस.

कॅलेंडरच्या तारखा. बाईंच्या डोळ्यात.

बाईंनी न राहवून स्वतःच्या पापणीला हात लावून बघितला.

केबलचा काही संबंध नव्हता. दोन्ही वेळा ह्यांनी कॅलेंडरच धरलं होतं, म्हणून आधीचा तुकडा दुसऱ्या फोटोत चपखल बसला आणि आम्ही फसलो. यंत्र खालच्या भागात दर वेळी आधीचंच चित्र दाखवत होतं. माझा आनंद तिथेच विरला. कारण बिघाड सापडला होता, पण कशामुळे ते कळत नव्हतं, आणि बिघाड असला म्हणजे माझा डोळा चांगला आहे असं कुठे ठरतं? तो डाग आता माझा असेल किंवा नसेल. कालपर्यंत निदान एकच भीती होती.

हे खुर्चीत बसून राहिले. वही उघडी, पान कोरं. "अठरा दिवसांपूर्वी ठीक होतं," स्वतःशीच पुटपुटत होते. "मधे कुणी काही बदललेलं नाही. काहीच नाही." मग उठले, कॉम्प्युटर बंद केला, नळाला हात लावून आले, परत चालू केला. काळ्या पडद्यावर आकडे पळायला लागले. जुने कॉम्प्युटर जागे होताना आधी आपली मेमरी मोजतात, झोपेतून उठलेल्या माणसानं खिसे चाचपावेत तशी.

"हल्ली हे मोजणं फार लांबतं बाई," फोटोवाल्या बाई म्हणाल्या. "पूर्वी माझा चष्मा पुसून होईपर्यंत व्हायचं."

ह्यांच्या हातातलं पेन खाली पडलं.

"काय झालं?" मी विचारलं. ह्यांची नजर पडद्यावरच. "अहो, काय झालं? बोला!"

"पट्ट्या," हे म्हणाले. "मी पट्ट्या घातल्या होत्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पंखा साफ करायला गेले होते त्या दिवशी बाई म्हणाल्या होत्या, की कॉम्प्युटर फार हळू चालतो, रांग वाढते, लोक माझ्यावर खेकसतात. ह्यांच्या पिशवीत एका मेलेल्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. चांगल्या होत्या. बिचाऱ्या बाईंचा त्रास वाचेल म्हणून, कुणी न सांगता, ह्यांनी त्या आत बसवून दिल्या. बाई खूश, हेही खूश. आणि वहीत फक्त बिघाड लिहायचे असतात. हा काही बिघाड नव्हता, ही भेट होती. म्हणून लिहिलंच नाही. बावीस वह्या भरणारा माणूस, एकाच भेटीत दोन कामं करून बसला आणि त्यातलं एकच लिहिलं. धर्म करता कर्म उभं राहतं ते असं.

मला त्यांनी समजावलं ते असं: डोळ्याचं चित्र घेणारं एक कार्ड कॉम्प्युटरच्या आत असतं. आलेलं चित्र ते कार्ड एका ठरलेल्या पत्त्यावर मांडतं आणि कॉम्प्युटर त्या पत्त्यावर जाऊन ते बघतो. मेमरी थोडी होती तोवर तो पत्ता मोकळा होता. नव्या पट्ट्यांमुळे मेमरी वाढली, म्हणून तर मोजणं लांबलं, आणि तिचा शेवट त्या पत्त्याच्या काही भागावर जाऊन बसला. आता एकाच दारात दोन बिऱ्हाडं. कॉम्प्युटर त्या दारात गेला की कार्ड ओ देण्याआधी मेमरीच ओ देते, आणि तिच्याजवळ असतं ते आधीच्या फोटोचं उरलेलं चित्र.

"काढा त्या दोन्ही," मी म्हटलं.

ह्यांनी कॅबिनेट उघडलं, एक पट्टी काढली आणि ते परत बंद करायला निघाले.

"दोन्ही!"

"एका वेळी एकच," हे म्हणाले. जित्याची खोड! पण आवाज इतका पडलेला होता, की मी पुढे बोलले नाही. एक पट्टी काढून बघितलं: रेषा खाली सरकली होती, पण होती. वहीत लिहिलं. दुसरी काढली. आकडे झर्रकन मोजून झाले. कॅलेंडर, मग बाईंचा डोळा: तारखा नाहीत. मग मी हनुवटी टेकवली.

तो लखकन उजेड पडला तेव्हा मी श्वास धरून ठेवला होता. पडद्याकडे बघायचं धाडसच होईना. बाई म्हणाल्या, "वहिनी, बघा की." माझा उजवा डोळा, केशरी, स्वच्छ. नसा वरपासून खालपर्यंत जुळलेल्या, अगदी माझ्या हातच्या शिवणीसारख्या. डाग नाही. मी रडले, हो, भोकाड पसरून रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

रडणं आवरून बघते तर हे कालचा फोटो हातात घेऊन उभे. चेहरा पांढराफटक.

"मग हे रक्त कुणाचं?" ते म्हणाले.

मला कळायला क्षणभर लागला. खालचा तुकडा आधीच्या माणसाचा. माझ्या आधी आत कोण गेलं होतं? ज्याला मी माझा नंबर दिला तो. पिवळ्या हेल्मेटवाला. त्याच्या डाव्या डोळ्याच्या फोटोत त्याच्याच आधी काढलेल्या उजव्या डोळ्याचा चांगला तुकडा आला, म्हणून तो कागद नाचवत गेला. आणि त्याच्या डाव्या डोळ्यातलं रक्त माझ्या फोटोत उतरलं. मला सोमवारी मोठ्या रुग्णालयात परत तपासलंच असतं. त्याला पुढच्या वर्षी बोलावलं होतं.

ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला. काहीही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं: पट्ट्या मी घातल्या, कुणी सांगितल्या नव्हत्या, लिहिल्याही नाहीत. पलीकडून आवाज इतका मोठा आला की तीन हातांवर मला ऐकू येत होता. "अठरा दिवस! किती माणसं झाली ठाऊक आहे?" बाईंनी रजिस्टर मोजलं. एकसष्ट. एकसष्ट माणसांना परत बोलवायचं होतं, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला आपल्या चुकीपायी. हे फक्त "हो", "हो डॉक्टर" म्हणत होते. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मी तासाभरात पोचतो. आधी तो क्रेनवाला आणा. त्याचा डोळा थांबणारा नाही."

बाईंनी त्याचा नंबर लावला. वाजत राहिला. परत लावला. वर केबिनमध्ये फोन नेत नसणार. मी म्हटलं, "पुलाचं काम. चला."

ह्यांनी स्कूटर काढली. सकाळी माझ्या डोळ्याची भीती होती, ती कशी आपली होती, घरातली. ही भीती परक्याची, आणि दुप्पट जड. पुलापाशी पोचलो तेव्हा क्रेन वर होती आणि तिला लोखंडाची एक लांबलचक तुळई लटकत होती. खाली माणसं हात वर करून उभी. हे मुकादमाला गाठून भराभरा सांगायला लागले. मुकादम ऐकता ऐकता वर बघत होता.

"आत्ता हाक मारता येणार नाही," तो म्हणाला. "तुळई हवेत असताना त्याचं लक्ष हलवायचं नाही. टेकू दे आधी."

आम्ही उभे राहिलो. त्या तुळईनं किती वेळ घेतला कोण जाणे, मला वर्ष वाटलं. ती हळूहळू खाली येत होती, किंचित डोलत. माझ्या मनात एकच: त्याला त्या डोळ्यानं काय दिसत असेल? ह्यांनी माझा दंड घट्ट धरला होता, दुखेपर्यंत. खालची माणसं एकदम ओरडली, "डावीकडे, डावीकडे!" तुळई थबकली, सरकली आणि टेकली. ह्यांनी दंड सोडला.

तो शिडीवरून उतरून आला. मला ओळखलं. "अरे, ताई! तुम्ही इकडे कुठे?"

आमच्या ह्यांनी कुणाच्या आड न लपता सांगितलं. "कालचा तुमचा फोटो चुकीचा होता. माझ्या हातून मशीन बिघडलं होतं. तुमच्या डाव्या डोळ्यात रक्त उतरलंय असं दिसतंय. डॉक्टर थांबलेत, आत्ताच चला."

तो हसला. "काहीतरीच काय! मला सगळं ठीक म्हणून कागद दिलाय की." आणि बोलता बोलता त्यानं डाव्या डोळ्यापुढे हात हलवला. "वरती माश्या फार आहेत."

मी त्याच्याकडे बघत राहिले. नदीवरून भणाण वारा येत होता. त्या वाऱ्यात माशी काय, कागद टिकला नसता.

"दादा," मी विचारलं, "ही माशी कधीपासून आहे?"

"आठ-दहा दिवस झाले," तो म्हणाला. मग त्याचा हात हवेतच थांबला. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्यातला जीव गेला. "मी त्यासाठीच जरा घाबरून आलो होतो, ताई. डॉक्टरांना विचारणार होतो. पण त्यांनी सगळं ठीक म्हटलं. मग मी म्हटलं, माशीच असणार."

ह्यांनी मान खाली घातली. मुकादमानं काही न विचारता त्याच्या हातातून हेल्मेट घेतलं.

स्कूटरवर दोघांचीच जागा. मी बाजूला झाले. "तुम्ही जा," मी म्हटलं. "मी येते मागून चालत." काल माझा नंबर दिला होता, आज जागा दिली. काल दिला नसता, तर त्याचं रक्त आणखी कुणाच्या तरी फोटोत गेलं असतं, ज्याला शिवण दिसली नसती.

तो ह्यांच्या मागे बसला. रस्त्याला लागेपर्यंत मी बघत होते. त्यानं एक हात ह्यांच्या खांद्यावर ठेवला होता, आणि दुसरा हात पुन्हा एकदा डोळ्यापाशी नेऊन तसाच खाली घेतला.